सात नंबरची भट्टी

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, कॅन्टीनच्या भिंतीला लागून,
सात नंबरच्या भट्टीत एक सळई उभी आहे.
माझ्या करंगळीहून बारीक.
सहाशे पन्नास अंश, रात्रंदिवस,
आणि तरफेच्या दुसऱ्या टोकाला वजनांची चळत,
जी एकदाही खाली ठेवलेली नाही.

ती वजनं दाभाड्यांनी चढवली.
तारीख रजिस्टरात आहे, जांभळ्या शाईत,
आणि सळईच्या टोकावर त्यांच्याच हातचा आकडा,
विजेच्या पेनानं कोरलेला,
मंगळबाजारात पातेल्यावर नाव घालून मिळतं तसा:
अमुकतमुक हिला, मामांकडून, सप्रेम.

मी नोकरीला लागले त्या दिवशी ते म्हणाले,
"हेमांगी, हिच्या तुटण्याची वाट बघायची नाही.
ही किती हळू ऐकते, तेवढं बघायचं."

काटा आठवड्यातून एखादं घर सरकतो.
सरकला की मी हळदीकुंकवाला बोलवावं
तशी साऱ्या शेडला हाक मारते.
कुणी येत नाही.

जिच्यासाठी हे चाललंय ती अणुभट्टी मी पाहिलेली नाही.
तिच्या पोटात म्हणे पाणी नसेल,
वितळलेलं सोडियम वाहील, आरशासारखं, आवाज न करता,
आणि या जातीच्या पोलादानं तिथे
साठ वर्षं काढायची.
आमची अकरा होऊन गेली.
आलेखावर अकरा वर्षांचे ठिपके आहेत, शाईचे.
पुढे पेन्सिलीची तुटक रेघ,
आणि त्या रेघेवर लोक पूल बांधावा तसे आकडे बांधतात.

हिच्या सख्ख्या बहिणी, भाराविना त्याच आचेत ठेवलेल्या,
आम्ही वर्षाकाठी एक कापतो, घासतो, भिंगाखाली धरतो.
कणांच्या शिवेवर क्रोमियमनं कार्बनशी संसार थाटलेला,
आणि लगतची पट्टी पार उघडी.
सिग्मा नावाची एक ठिसूळ जात हळूहळू वस्तीला आलेली.
सगळं घरातल्या घरात.
वरून पाहाल तर नुसती तपकिरी झाक.

न्यूट्रॉनचा मारा आम्हाला इथे देता येत नाही.
त्यानं आत पोकळ्या धरतात, पोलाद फुगतं, असं वाचलंय.
तो रकानाच आमच्या रजिस्टरात नाही.

पुराच्या वर्षी विश्वामित्री शेडच्या पायरीला लागली.
गेटपाशी मगर होती, सोलंकी अजून शपथेवर सांगतो.
जनरेटर विटांवर चढवून
दाभाडे अडतीस तास डिझेल ओतत राहिले.
तापमान तरी ढळलंच.
त्या पानावर त्यांचं अक्षर आहे:
'दोन अंश. क्षमस्व.'
कोणाला, ते लिहिलेलं नाही.

निवृत्तीनंतर घरच्या जिन्यावरून पडले.
मांडीत सळई बसवली, जवळपास याच कुळातली.
भेटायला गेले तर पांघरुणावरून थोपटत म्हणाले,
"ही सदतीस अंशांवर आहे गं. टिकेल."

टिकली.
खासवाडीला तिसऱ्या दिवशी अस्थी वेचताना निघाली,
निळसर, खवले धरलेली.
त्यांचा भाचा रुमालात गुंडाळून शेडवर घेऊन आला.
"टाकवेना," म्हणाला, "आणि देव्हाऱ्यात तरी कशी ठेवू?"

मी चहा मागवला.
तो गेल्यावर सपाट फरशीवर ती लोळवून पाहिली.
वाकलेली नव्हती.
मापाची पट्टी लावली, मग थोडा वेळ तशीच बसले,
कारण मूळ लांबी मला कुठे ठाऊक होती?

मग सात नंबरचं रोजचं वाचन घेतलं.
अठ्ठ्याण्णव हजार एकशे बारा तास. काटा स्थिर.
त्याच पानावर, खाली, नवी ओळ आखली.
तापमान: माहीत नाही.
वेळ: भाच्याच्या सांगण्यावरून, साडेतीन तास.
भाराच्या रकान्याशी पेन थांबलं
आणि तेवढ्यात कॅन्टीनची घंटा झाली.